सातूच्या सहा बोली

सातू, पाणी आणि यीस्ट. सिंगल मॉल्ट स्कॉच व्हिस्कीच्या हंड्यात चौथी वस्तू घालावयास कायद्याची परवानगी नाही. 2009 सालच्या ब्रिटिश नियमावलीने ही गोष्ट शब्दाशब्दाने बांधून टाकली आहे. धान्य एकच, म्हणजे मोड आणलेले सातू, भट्टी एकच, हंडा तांब्याचा, पुढे ओकच्या लाकडाच्या पिंपात, स्कॉटलंडच्याच भूमीवर, निदान तीन वर्षांचा मुक्काम. पिंप 700 लिटरहून मोठे नको आणि बाटलीत मद्यार्काचे प्रमाण शेकडा 40 हून कमी नको. संपली कृती! आपल्याकडे साध्या पिठल्याला याहून अधिक जिन्नस लागतात.

आणि तरीही मौज पाहा. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयला नावाचे एक बेट आहे. (इंग्रजी अक्षरांप्रमाणे जायचे तर उच्चार 'इस्ले' व्हावयास हवा, पण तेथील माणसे 'आयला' असेच म्हणतात. मराठी माणूस हे नाव एकदा ऐकल्यावर सहसा विसरत नाही.) या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लफ्रॉइग, लॅगवूलिन आणि आर्डबेग या तीन भट्ट्या एकाच रस्त्यावर, रमतगमत चालत जावे इतक्या अंतरावर उभ्या आहेत. पहिली व तिसरी 1815 सालची, मधली 1816 सालची. समुद्र तोच, वारा तोच, पाऊसही तोच. पण डोळ्यांवर पट्टी बांधून तिन्ही पेले पुढे ठेवले तरी कोणता कोणाचा हे नेमके सांगणारी माणसे तेथे आहेत.

मग हा फरक येतो कोठून? व्हिस्की विकणाऱ्यांना विचारले तर ते डोंगरातील झऱ्याकडे बोट दाखवतील, दऱ्याखोऱ्यांची रंगीत चित्रे पुढे करतील आणि मातीचा गुण म्हणून सांगतील. हे उत्तर ऐकावयास गोड आहे. पण मला ते अपुरे वाटते. या विषयाचा थोडा पाठपुरावा केल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा फरक निसर्गाने दिलेला कमी आणि माणसांनी हट्टाने सांभाळलेला जास्त आहे. जे सांभाळावे लागते ते हरवूही शकते. व्हिस्कीच्या बाबतीत ते अनेकदा हरवलेही आहे.

दिवाळी अंकात हा कसला विषय, असे काही वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. आपल्या राज्याने 1949 सालचा दारूबंदीचा कायदा पाहिला आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना हवा हा नियम आजही कागदावर जिवंत आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येकाने आपल्या आसपास पाहिलेली असतात. तेव्हा हा लेख पिण्याच्या समर्थनासाठी नाही. शिवाय चव पारखणे आणि पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिस्कीची मिश्रणे तयार करणारे मोठमोठे जाणकार दिवसभराचे बहुतेक काम नाकानेच करतात. मी मराठीचा अध्यापक. मला या विषयाची गोडी लागली ती पेल्यापेक्षा शब्दांमुळे. एकाच धान्याच्या इतक्या वेगवेगळ्या वासांना नावे द्यायची तर ती आणायची कोठून, हा प्रश्न मला आपल्या ओळखीचा वाटला.

'व्हिस्की' हा शब्दच पाहा ना. गेलिक भाषेत 'उश्के बेहा' म्हणजे जीवनाचे पाणी. त्यातील पाण्याचा वाचक जो 'उश्के' तो घासून घासून 'व्हिस्की' झाला. आपल्याकडे तर 'जीवन' या एकाच शब्दात पाणी आणि आयुष्य हे दोन्ही अर्थ नांदतात! स्कॉटलंडच्या राजदप्तरात 1494 सालची एक नोंद आहे: जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूला हे जीवनजल बनविण्यासाठी आठ 'बोल' माल्ट द्यावे. पुढे शतकानुशतके ही शेतकऱ्यांची घरगुती आणि पुष्कळदा चोरटी विद्या होती. 1823 च्या कायद्याने परवाना स्वस्त केला; लगोलग 1824 साली ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यातील जॉर्ज स्मिथ याने तो घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले त्याच्यावर इतके चिडले की, बिचाऱ्याला कमरेला पिस्तुले लावून हिंडावे लागे.

पण सिंगल मॉल्ट हे नाव घेऊन लोक दुकानात जाऊ लागले ते फार उशिरा. 1830 साली ईनिअस कॉफी याने अखंड चालणाऱ्या हंड्याचे पेटंट घेतले. त्यातून निघणाऱ्या स्वस्त, सौम्य धान्य-व्हिस्कीत ठिकठिकाणची मॉल्ट मिसळून 'ब्लेंड' बनू लागले आणि जगाने स्कॉच म्हणून जे ओळखले ते हेच मिश्रण. आजही खपणाऱ्या स्कॉचमध्ये मोठा वाटा ब्लेंडचाच आहे. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षे या भट्ट्या जणू वाद्यवृंदातील वादकांसारख्या होत्या. वाजवायचे सर्वांनी, पण फलकावर नाव एकट्याचे कोणाचेच नाही. 1963 साली ग्लेनफिडिक या भट्टीने आपले एकटीचे मॉल्ट मोठ्या प्रमाणावर बाहेर विकावयास काढले. 1988 साली सहा भागांतील सहा मॉल्ट एका फळीवर मांडून विकण्याची टूम निघाली. तेव्हापासून सामान्य गिऱ्हाईक पेल्याला पेला लावून पाहू लागले.

मोड, धूर, तांबे आणि लाकूड

चव पारखायची तर ती कोठे कोठे घडते हे ठाऊक हवे. मटकीला मोड आणणाऱ्या घरात माल्ट म्हणजे काय ते समजावून सांगावयास नको. सातू भिजवून मोड आणायचे, म्हणजे आतील पिठुळ सत्त्वाची साखर होण्याची तयारी होते. आणि मोड फार वाढण्यापूर्वी ते वाळवायचे. हे वाळवणे गरम हवेवर केले तर धान्य खमंग, स्वच्छ वासाचे राहते. पीट जाळून केले तर त्यात धूर मुरतो. पीट म्हणजे पाणथळ माळावर हजारो वर्षे साचत गेलेला अर्धवट कुजलेला शेवाळाचा आणि गवताचा थर. विटांसारखा कापून, वाळवून तो जाळतात. लाकडाचा धूर वेगळा आणि गोवरीचा धूर वेगळा हे आपल्या आज्यांना कळत होते. पिटाच्या धुराचीही अशीच स्वतःची जात आहे.

पुढे हे धान्य भरडून, गरम पाण्यात त्याची साखर उतरवून, यीस्ट घालून आंबवतात. या आंबण्यात फळांचे वास जन्माला येतात. ते जितके लांबते तितका फळांचा अंश वाढतो. मग तांब्याच्या हंड्यात दोनदा उकळणे. तांबे नुसते भांडे नव्हे. वाफेतील गंधकाचा उग्र अंश ते खाऊन टाकते. वाफ तांब्याशी जितका वेळ लगट करील तितका अर्क हलका होतो. झटकन निसटली तर जड आणि मांसल राहतो. म्हणून हंड्याच्या मानेची उंची, वरच्या नळीचा उतार, हंडा किती भरला, आच किती ठेवली या सर्वांना महत्त्व आहे. निघणाऱ्या अर्काचा पहिला आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधला तेवढा ठेवतात. ते 'मधले' कोठे सुरू करायचे आणि कोठे तोडायचे याचा प्रत्येक भट्टीचा रिवाज निराळा. धुराचे अंश उशिरा उतरतात. त्यामुळे हात दहा मिनिटे उशिरा पडला तरी व्हिस्कीचा स्वभाव पालटतो.

शेवटी पिंप. अमेरिकेत बूर्बन व्हिस्कीला दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते. असा तेथील कायदा आहे. मग एकदा वापरलेली ती पिंपे स्कॉटलंडला येतात आणि व्हॅनिला, नारळ, मध अशा वासांची देणगी देतात. स्पेनमधील शेरीने मुरलेली युरोपीय ओकची पिंपे मनुका, अंजीर, जायफळ आणि थोडा तुरटपणा देतात. पूर्वी शेरीच पिंपांतून ब्रिटनला येई, त्यामुळे रिकामी पिंपे सहज मिळत. 1980 नंतरच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरणे सक्तीचे झाले, आणि तेव्हापासून खास व्हिस्कीसाठी पिंपे शेरीने मुरवून घ्यावी लागतात. पिंपातून दरसाल सुमारे शेकडा 2 भाग हवेत उडून जातो. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

ग्लासगोतील सहा पेले

माझा मावसभाऊ गेली वीस वर्षे ग्लासगोला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो असता दादाने एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सहा पेले मांडले. तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे हे पेले वास कोंडून धरतात. प्रत्येकात दोन चमच्यांहून अधिक नाही. शेजारी साधे पाणी आणि बिनमिठाची बिस्किटे. क्रम ठरलेला: सौम्याकडून उग्राकडे. आधी ठेचा खाऊन मग बासुंदी चाखण्यात अर्थ नाही, तसेच हे. वहिनी मूळच्या कोल्हापूरच्या. त्या थेंबभरही घेत नाहीत. पण त्याही खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, वास घ्यायला काही परवाना लागत नाही ना?"

पहिला पेला ऑकेंटॉशनचा. ग्लासगोजवळची, सखल प्रदेशातील भट्टी. वहिनींनी नाक नेले आणि सांगितले, "नुकतीच भिजवलेली कणीक. आणि लिंबाची साल." येथे अर्क दोनदा नव्हे तर तीनदा उकळतात. दर उकळीला जड अंश मागे राहतात आणि निघते ते अंगाने बारीक, चपळ.

दुसरा ग्लेनमोरंजीचा, उत्तरेकडील टेन गावचा. संत्र्याची साल, थोडा मध आणि मागून कस्टर्डचा वास. या भट्टीच्या हंड्यांच्या माना स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच, पाच मीटरांहून अधिक. एवढी चढण जड वाफेला चढवत नाही. ती तांब्याला लागून पुन्हा खाली घरंगळते. हलका सुवासिक भाग तेवढा वर पोहोचतो, आणि बूर्बनची पिंपे त्यावर व्हॅनिलाचा हात फिरवतात.

तिसरा पेला रंगाने गडद. पण रंगावर जाऊ नये. जळक्या साखरेचा रंग घालण्यास कायद्याची मुभा आहे. हे मात्र स्पे नदीच्या खोऱ्यातील ग्लेनफार्क्लस होते आणि त्याचा रंग शेरीच्या पिंपाचा होता. वहिनी क्षणभर थांबल्या आणि एकदम हसल्या: "अहो, हे तर डिंकाचे लाडू!" खारीक, गूळ, जायफळ, तुपात तळलेला डिंक. मी दहा इंग्रजी पुस्तके चाळली असती तरी याहून नेमके वर्णन सापडले नसते. ही भट्टी 1865 पासून एकाच ग्रँट घराण्याकडे आहे आणि येथे हंडे अजून थेट आचेवर तापवतात. मध्यंतरी त्यांनी वाफेवर तापवून पाहिले होते. अर्काला अंगच येईना, म्हणून पुन्हा आच पेटवली. थेट आचेवर भांड्याच्या तळाला थोडे लागते, आणि त्या खरपूसपणाची मजा बासुंदी आटवणाऱ्याला सांगावयास नको.

चौथा स्प्रिंगबँकचा, कॅम्बेल्टाउन या बंदराच्या गावचा. येथे दादाचे आणि वहिनींचे जमेना. दादा म्हणे समुद्र आणि इंजिनाचे तेल, वहिनी म्हणाल्या, "पावसाळ्यातलं किराणा दुकान. ओली गोणपाटं, खडे मीठ, गुळाची ढेप." थोडे पाणी घातल्यावर मला वहिनींचे दुकान स्पष्ट दिसू लागले. पाणी घालणे म्हणजे व्हिस्कीचा अपमान असा एक गैरसमज आहे. 2017 साली स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातील दोघा संशोधकांनी संगणकावर रेणूंचे गणित मांडून दाखविले की, मद्यार्काचे प्रमाण उतरले म्हणजे धुरकट वासाचा ग्वायकोल हा रेणू पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाजवळ येतो. जाणकार मंडळी नुसत्या वासासाठी शेकडा 20 पर्यंतही पातळ करून घेतात, ते उगाच नव्हे.

स्प्रिंगबँकची आणखी एक मौज आहे. ही भट्टी लागणारे सर्व सातू स्वतःच्या फरशीवर पसरून मोडवते आणि तीच भट्टी तीन प्रकारची व्हिस्की काढते: थोडा धूर देऊन अडीचपट उकळलेली स्प्रिंगबँक, भरपूर धूर देऊन दोनदा उकळलेली लाँगरो आणि धुराविना तीनदा उकळलेली हेझलबर्न. छप्पर एक, पाणी एक, कामगार तेच, चवी तीन. मातीच्या गुणाचे काय झाले मग?

शेवटचे दोन पेले दादाने मुद्दाम जोडीने ठेवले होते. दोन्ही आयलाचे: कल ईला आणि लॅगवूलिन. दोन्ही भट्ट्या एकाच कंपनीच्या. दोहींना सातू पुरविणारा कारखाना एकच, पोर्ट एलनचा. सातूत मुरविलेल्या धुराचे मापही जवळजवळ सारखेच, दशलक्ष भागांत सुमारे 35 भाग. पण कल ईलाचा वास घेताच वहिनी म्हणाल्या, "किनाऱ्यावर कुणीतरी मासळी भाजतंय आणि वर लिंबू पिळलंय." आणि लॅगवूलिन नाकाशी नेताच, "वांग्याचं भरीत. चुलीवरचं हं, गॅसवरचं नव्हे." सारखेच धान्य, सारखाच धूर, मग मासळी आणि वांगे वेगळे झाले कोठे? तर हंड्यात. कल ईलाचे हंडे मोठे आणि ते पुरते भरत नाहीत. वाफेला तांब्याशी खेळावयास मोकळी जागा मिळते आणि धूर हलका होऊन तरंगतो. लॅगवूलिनचे हंडे पेरूसारखे बसके, त्यांच्या नळ्या खाली उतरत्या आणि दुसरी उकळी मंद आचेवर नऊ तासांहून अधिक चाललेली. धूर तोच, पण येथे तो दाट होऊन बसतो.

व्हिस्कीच्या वासांना नावे असावीत म्हणून तिकडील संशोधकांनी 1979 साली एक चक्र आखले. फळांचे, फुलांचे, धान्याचे, धुराचे, लाकडाचे असे त्याचे आरे आहेत. उपयोगी वस्तू आहे. पण त्यातील कित्येक वास त्यांच्या बालपणातील आहेत, आपल्या नव्हेत. खमंग, खरपूस, करपट, धुरकट, कुबट, खवट, आंबूस: आपल्या स्वयंपाकघराने वासाच्या किती बारीक पायऱ्या पाडून ठेवल्या आहेत! खरपूस आणि करपट यांत आचेवरच्या दोन मिनिटांचे अंतर आहे, आणि भट्टीवरच्या माणसाला नेमके तेच अंतर सांभाळायचे असते. वर्गात मुले विचारतात, सर, बोलीभाषांचा अभ्यास कशाला? मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी ऐकताना ज्याला नुसतेच 'गावंढळ' ऐकू येते त्याला त्यांतील फरक नाहीतच. फरक ऐकू येण्यासाठी त्याला नाव द्यावे लागते.

नक्कल का साधली नाही

पाण्याच्या आणि मातीच्या महात्म्याचा कस एका माणसाने स्वतःचे पैसे घालून पाहिला आहे. त्याचे नाव पीटर मॅकी. लॅगवूलिनचा हा मालक शेजारच्या लफ्रॉइगच्या व्हिस्कीचा विक्रेताही होता. 1907 साली ते काम त्याच्या हातून गेले. गडी तापट, त्याने लफ्रॉइगचे पाणीच अडविले. कोर्टाने ते पुन्हा सोडावयास लावले. तेव्हा 1908 साली त्याने आपल्याच आवारात 'मॉल्ट मिल' नावाची दुसरी भट्टी उभारली. हेतू एकच: लफ्रॉइगसारखी व्हिस्की काढायची. हंडे तिच्यासारखे केले, तिच्याकडचा माणूस फोडून आणला. बेट तेच, किनारा तोच. व्हिस्की निघाली, चांगलीही निघाली म्हणतात. पण ती लफ्रॉइग नव्हती. 1962 साली मॉल्ट मिल बंद पडली.

डोंगरातील डालविनी या भट्टीची कथा याच्या उलट आहे. तेथे वाफ थंड करण्यासाठी लाकडी टाक्यांत बुडवलेल्या वेटोळ्यांच्या तांब्याच्या नळ्या होत्या. 1986 साली त्या काढून आधुनिक यंत्र बसविले. पाणी तेच, हंडे तेच. पण अर्काचा जडपणा गेला. 1995 साली पुन्हा जुन्या पद्धतीच्या टाक्या बसवाव्या लागल्या. क्लायनलिश या भट्टीच्या व्हिस्कीला मेणासारखा मऊ स्पर्श आहे. तो येतो कोठून, तर अर्क साठविण्याच्या टाकीत वर्षानुवर्षे साचलेल्या एका चिकट थरातून! कोणी उत्साहाने टाकी घासून लख्ख केली तेव्हा ते मेण नाहीसे झाले. आपल्याकडे लोणच्याची जुनी बरणी नव्या सुनेने घासून ठेवावी, तशातली गत. कोणत्याही हिशेबनिसाला या टाक्या आणि हे थर निरर्थक वाटतील, आणि नेमकी चव तेथेच असते.

हवेचा वाटा नाही असे मात्र मी म्हणत नाही. तो आपल्याच देशाने दाखवून दिला आहे. बंगळूरच्या अमृतने 2004 साली आपले सिंगल मॉल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकावयास काढले. पुढे 2012 साली गोव्यात तयार झालेले पॉल जॉन लंडनला गेले. आपल्या उष्ण हवेत देवदूतांचा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो. पण त्याच उष्णतेने लाकूड लवकर बोलू लागते आणि थोड्याच वर्षांत व्हिस्की प्रौढ वाटू लागते. तिला स्कॉच म्हणता येत नाही, म्हणण्याचे कारणही नाही. मात्र तिच्यामुळे बाटलीवरील वर्षांच्या आकड्याला भुलू नये हे कळते. तो आकडा आत मिसळलेल्या सर्वांत तरुण पिंपाचे वय सांगतो. चव सांगत नाही.

जे गेले आणि जे परतले

कॅम्बेल्टाउनकडे पुन्हा एकदा वळू. आल्फ्रेड बार्नर्ड नावाच्या गृहस्थाने ब्रिटनमधील भट्ट्यांची पायी-बोटीने यात्रा करून 1887 साली मोठा ग्रंथ छापला. त्याला या एका लहान गावात 21 भट्ट्या आढळल्या. पुढे मागणी वाढली तशी घाई वाढली, दर्जा घसरला. ब्लेंडवाल्यांनी पाठ फिरविली. 1920 पासून अमेरिकेत दारूबंदी आली. 1934 नंतर गावात उरल्या दोन: स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया. 1925 साली बंद झालेली ग्लेनगाइल ही तिसरी भट्टी स्प्रिंगबँकच्या मालकांनी 2004 साली पुन्हा पेटविली. बाकीच्यांची चव कशी होती हे आता कोणीही सांगू शकत नाही.

1983 साली मंदी आली तेव्हा आयलावरील पोर्ट एलन आणि उत्तरेकडील ब्रोरा या भट्ट्यांना टाळे लागले. तेव्हा फारसे कोणी हळहळले नाही. कारण ती दोन्ही मॉल्ट मिश्रणात मुरून जात, त्यांना नावानिशी ओळखणारे किती? पुढे उरलेल्या पिंपांतून बाटल्या निघू लागल्या, लोकांनी त्या चाखल्या, आणि काय गमावले ते कळले. ब्रोरा 2021 साली आणि पोर्ट एलन 2024 साली पुन्हा सुरू झाली.

फॉल्कर्कच्या कालव्याकाठची रोझबँक 1993 साली बंद झाली. तीनदा उकळणारी, वेटोळ्यांच्या टाक्यांची ही भट्टी सखल प्रदेशातील सर्वोत्तम मानली जात असे. 2008 च्या अखेरीस, नाताळच्या सुमारास, चोरट्यांनी ओस पडलेल्या इमारतीतून तिचे तांब्याचे हंडेच पळविले. तांब्याला भाव होता, चवीला नव्हता. 2017 साली नव्या मालकांनी भट्टी घेतली, जुन्या नकाशांवरून तसेच हंडे घडविले आणि 2023 साली तेथे पुन्हा अर्क उतरू लागला.

तो अर्क आता पिंपांत पडून आहे. 2023 चे पिंप बारा वर्षांचे होईल ते 2035 साली. ती व्हिस्की पूर्वीची रोझबँक आहे की नुसते तिचे नाव, याचा निवाडा नकाशे करू शकणार नाहीत. 1993 पूर्वीचे थोडे पेले अजून जगात शिल्लक आहेत, आणि ज्यांनी ते लक्षपूर्वक चाखून त्या चवीला काही नाव दिले आहे अशी माणसेही थोडी आहेत. भट्टीवाल्यांना त्या वेळी त्यांनाच बोलवावे लागेल.